मनोरे पाडायचं काम

बावीस वर्षं मी शिशुवर्गात मदतनीस आहे. माझा आवाज चढला की पोरं जागच्या जागी गप्प, अशी माझी ख्याती. ती एका चार वर्षांच्या पोरीनं धुळीला मिळवली. कोणी ठोकळ्यांचा मनोरा रचला की ही आलीच, आणि धाडकन सगळं जमीनदोस्त! तिला भूकंप हे नाव मीच ठेवलं.

एकदा तिनं उडवलेला ठोकळा एका मुलाच्या कपाळाला लागला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिच्या आईला म्हणाल्या, "येत्या शुक्रवारपर्यंत बघू. सुधारली नाही तर नाव काढावं लागेल." आई लाँड्रीत कामाला, घरी सांभाळायला कोणी नाही. पोरीची शाळा बंद झाली की आईचं काम सुटलं. बिचारी नुसती मान हलवून गेली.

"पाडू नकोस, पाडू नकोस" म्हणून माझा घसा बसला होता. वर्गाच्या नव्या बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्या म्हणाल्या, "मावशी, काय करायचं नाही ते तिला पाठ आहे. काय करायचं ते कोणी सांगितलंय का?" आणि त्यांनी भूकंपला कामच दिलं. वर्गातले सगळे मनोरे तिनंच पाडायचे. फक्त बांधणाऱ्याला आधी विचारायचं, "पाडू?"

घ्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी दिवसभर धुसफुसत होते.

सुरुवातीला ती विचारायची, पण उत्तराआधीच हात चालायचा. बाई न चिडता तिच्याशेजारी बसायच्या, मनोरा परत रचून घ्यायच्या. "आधी ऐकायचं, मग हात." बुधवारी ती एकदा थांबली. गुरुवारी दोनदा.

शुक्रवारी मोठ्या बाई दारात उभ्या. नेमका तोच कपाळावर पट्टीवाला मुलगा मनोरा रचत होता, आणि भूकंपचा हात वर गेलेला. माझ्या ओठांवर आलेलं "नको" मी गिळलं. जमेल तितक्या हळू म्हणाले, "विचार गं त्याला."

"पाडू?"

"थांब. अजून उंच करायचाय."

ती थांबली. मुठी आवळून, जागेवर नाचत, पण थांबली. मग "लवकर कर ना!" म्हणत स्वतःच त्याला ठोकळे आणून देऊ लागली. शेवटी तो ओरडला, "आता!" तिनं मनोरा पाडला. केवढा तो आवाज, आणि दोघं हसून लोळायला लागले. मोठ्या बाई म्हणाल्या, "येऊ दे तिला सोमवारी."

शाळा सुटल्यावर आई मान खाली घालूनच आली. "आज काय केलं हिनं?"

"थांबली," मी म्हणाले. "आणि मनोरा रचायला मदत केली. सोमवारी पाठवा."

ती मुलांच्या बुटक्या बाकावर बसली आणि लेकीला कुशीत ओढून ढसाढसा रडली. "या दारात माझ्या पोरीबद्दल चांगलं आजच ऐकलं हो, मावशी."

रोज दारात तक्रारी सांगणारी मीच होते. मी तिच्याशेजारी बसले आणि तिचा हात हातात घेतला.