उभी गौर

"बाबा, ह्याच्यावर साडी कुठून सुरू करायची?"

श्रुतिकेनं, नव्या सुनेनं, विचारलं आणि रावजीनं हातातल्या तेरड्याच्या जुडीकडं पाहिलं. ओढ्यावरून वाडीतल्या पोरींनी गाणी म्हणत आणून दिलेली जुडी. मुळं खाली आणि शेंडे वर, एवढं त्याला ठाऊक होतं. मुळं म्हणजे गौरीची पावलं, हे वरंधच्या बाजूला शेंबड्या पोरालाही कळतं. पण पावलांपासून कागदी मुखवट्यापर्यंत मध्ये काय असतं, ते त्याला अजिबात माहीत नव्हतं.

"थांब जरा, बघतो," तो म्हणाला.

सकाळपासून हे तो सातव्यांदा म्हणत होता.

महाडच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेल्या माणसाला सण म्हणजे काय, तर जादा गाड्या. गणपतीत तर विचारूच नका. नेमकी गौरीच्या दिवशी कुठली तरी गाडी घाटात तापून बसायची आणि रावजी तिच्याखाली आडवा. घरी यावं तो सगळं तयार. नागपंचमीला भिंतीवर तांदळाच्या पिठाचे नाग, दिवाळीला बांबूच्या काड्यांचा कंदील, पाडव्याला अंगणात शेणाचा गोवर्धन, संक्रांतीला दोरा गुंडाळलेली सुगडं. सगळं बायकोच्या, जानकीबाईच्या हातचं. हा बाबा हातपाय धुणार, पाया पडणार आणि पानावर बसणार. सण आपोआप होतात, अशीच त्याची समजूत असावी.

गेल्या आषाढात जानकीबाई गेली. वर्षभर घरात सण झाला नाही. वर्षाच्या आत कार्य केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून वैशाखात मुलाचं, विनीतचं लग्न तेवढं उरकलं. आणि मग यंदाची नागपंचमी आली. रावजीनं स्वतः बोटं पिठात बुडवून भिंतीवर पाच नाग काढले.

"बाबा, हे रेडिएटरचे पाइप वाटतात," विनीत म्हणाला. श्रुतिका तोंडाला पदर लावून आत पळाली.

नागांचं चालून गेलं. गौरीचं चालणार नव्हतं. यंदा गौर पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आली होती, आणि नव्या सुनेचा पहिला ओवसा पूर्वातल्या गौरीलाच होतो. पानांनी, फळांनी भरलेली पाच सुपं ती गौरीवरून ओवाळते, एक गौरीपुढं ठेवते, बाकीची घरच्या माणसांना देते. मग ती त्या घरची झाली. पुढच्या वर्षी गौर पूर्वात येत नव्हती. श्रुतिकेच्या आईनं पोलादपूरहून पाच नवी कोरी सुपं पाठवली होती, उद्या दुपारी वाडीतल्या बायका बघायला येणार होत्या आणि घरची गौर कशी बांधतात हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. श्रुतिकेच्या माहेरी पितळी मुखवटे आणि लोखंडी स्टँड. तिला तेरड्याचं काय कळणार?

विनीतनं मोबाइलमधले जुने फोटो काढले. सहा वर्षांच्या सहा गौरी निघाल्या. हिरवी साडी, नथ, कमरेला पट्टा, ताठ उभी.

"मागून काढलेला नाय एक पण?" रावजीनं विचारलं.

"मागून कोण काढतं बाबा देवाचा फोटो?"

"अरे, बांधणी मागं असते!" रावजी चिडलाच. कुठलंही यंत्र मागून उघडून बघणारा माणूस तो. आणि आता समोर सहा हसरे चेहरे, एकाचीही गाठ दिसत नाही.

दुपारी त्याची थोरली बहीण गोदूबाई आली, तेव्हा त्याला हायसं वाटलं. गेली चाळीस वर्षं ती सासरच्या गौरीत अडकलेली, त्यामुळं भावाच्या घरची गौर तिनं लग्नानंतर पाहिलीच नव्हती. यंदा तिची सून सगळं बघत होती. आल्या आल्या तिनं पदर खोचला.

"सर रे बाजूला. माज्या आयशीची गौर मला येत नाय तर कोनाला येनार?"

तिनं तेरड्याची जुडी मधोमध वाकवली, पाटावर टेकवली, भोवती साडीच्या निऱ्या पसरल्या, वर मुखवटा बांधला. अर्ध्या तासात गौर तयार. छान मांडी घालून बसलेली.

श्रुतिकेनं हळूच मोबाइल पुढं केला.

"आत्या, आईंची तर उभी आहे."

गोदूबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "ही कोनाची गौर?"

"आपलीच," रावजी म्हणाला.

"आपली नाय. आपल्या घरात गौर बसलेली. दमून येती लेक माहेराला, तिला हुबी ठेवतात काय? ही जानकीच्या माहेरची रीत हाय. तिकडं वरच्या वाड्यांना हुबी करतात." तिचा आवाज चढला. "आयशीला डोळ्यांनी दिसंना झाला, तवा हिनं रीत बदलली आसंल. आन् तुला पत्ता नाय?"

रावजीला खरोखरच पत्ता नव्हता. लहानपणी पाहिलेली गौर आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवले ते फक्त तांदळाचे घावन. सकाळपासून तो जी घरची रीत शोधत होता, ती घरची नव्हतीच. मग जानकीबाईनं सांगितलं का नाही? की सांगितलं होतं आणि आपण जेवत होतो? त्याला तिचा राग आला, आणि राग करायला ती समोर नाही म्हणून जास्तच आला.

"आता सांग," गोदूबाई म्हणाली. "दिवेलागणीला गौर बसायला होवी. घरचा कर्ता तू. ही ऱ्हावू दे ना?"

श्रुतिका त्याच्याकडं पाहत होती. तिला फक्त एवढंच हवं होतं की उद्या कोणी म्हणू नये, हिचा ओवसा भलत्याच गौरीला झाला. पण भलती कुठली, हे तिलाही कळत नव्हतं आणि रावजीलाही.

तो पाटासमोर उकिडवा बसला. बसलेली गौर सुरेख होती. आईची होती. पण तिच्याकडं बघून त्याचे हात जोडले जाईनात.

"आक्का, तुझं खरं हाय," तो शेवटी म्हणाला. "आयशीची अशीच आसंल. पण मी कामावरून यायचो आन् पाया पडायचो, ती हुबी होती गो. मला तीच वळखीची."

गोदूबाईनं तोंड फिरवलं. रावजीनं बसलेल्या गौरीच्या गाठी सोडल्या.

तांदळानं भरलेल्या पितळी कळशीत त्यानं जुडी रोवली. पहिल्यांदा ती पुढं कलंडली, दुसऱ्यांदा मागं. तिसऱ्या वेळी त्यानं सुतळीचे तीन ताण दिले, मागच्या खुंटीला गाठ मारली आणि हात सोडून बघितलं. श्रुतिकेनं फोटोत बघून बघून साडी नेसवली. पट्टा काही केल्या कमरेवर ठरेना, तेव्हा गोदूबाई पुटपुटत उठली. "दोगांना मेल्यांना नेसवायची अक्कल नाय," म्हणत तिनं निऱ्या धरल्या. गौर उभी राहिली. जराशी उजवीकडं झुकली होती, पण राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतल्या बायका आल्या. गौर कशी झाली यावर त्यांनी एकमेकींकडं पाहिलं, पण बोलून कोणी दाखवलं नाही. श्रुतिकेनं सुपं ओवाळली. पहिलं गौरीपुढं ठेवलं. दुसरं नवऱ्याला, तिसरं आत्याला, चौथं शेजारच्या चुलत सासूबाईंना. पाचवं हातात घेऊन ती घरभर बघत उभी राहिली. हे सासूचं सूप. त्याचं काय करायचं, हे तिला आईनं सांगितलं नव्हतं.

"आत्या, तुम्हीच घ्या ना."

"माजा मला पावला. तो जानकीचा हाय," गोदूबाई म्हणाली, आणि तिनं सूप हलकेच मागं सारलं.

श्रुतिका वळली आणि कोपऱ्यात, दाराशी उभ्या असलेल्या रावजीपुढं जाऊन थांबली. तो गोंधळला. इकडंतिकडं बघू लागला. ओवशाचं सूप बाई पदरात घेते, एवढं त्याला दिसलं होतं, आता, याच दुपारी, दोनदा. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट झटकला, आणि दोन्ही हातांनी पोटाशी पसरून धरला.

"दे," तो म्हणाला.