काढा आणि सुईची परीक्षा

ज्या वर्षी भाचीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आक्काच्या उजव्या डोळ्यात एक काळा धागा तरंगायला लागला. आधी तिला वाटलं, समोरच्या कोटाच्या अस्तरावरच तो पडलाय. तिनं तो झटकला. मग चिमटीत धरायला गेली. धागा नजरेबरोबर बाजूला सरकला आणि पुन्हा मधोमध येऊन बसला, बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा.

आक्का कपडे दुरुस्त करायची. नवे कपडे शिवणारे पुष्कळ होते, पण फाटलेला कोट असा जोडायचा की मालकालाच जागा सापडू नये, हे काम तिच्याकडेच यायचं. रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली हेच तिचं दुकान. खिडकीखाली मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, दाराला दुरुस्तीला आलेले कोट टांगलेले. साखरेचा आजार तिला बऱ्याच वर्षांचा होता. गोळ्या ती नेमानं घ्यायची आणि पथ्य आठवेल तसं पाळायची.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत यंत्राला हनुवटी टेकवायला लावली आणि आतले फोटो काढले. म्हणाले, साखरेनं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक नसा झिजल्यात, त्या झिरपतात. उजव्यात थोडं रक्त सांडलंय. डावा त्यातल्या त्यात बरा, पण त्याचाही पडदा मधोमध सुजायला लागलाय. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि लवकर सुरू करायला हवीत.

"डोळ्यात?" आक्कानं विचारलं.

"डोळ्यात. बधिर करून देतो, कळतसुद्धा नाही."

सुई काय करते, हे जन्मभर सुई चालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. विचार करून कळवते, असं म्हणून ती निघाली आणि घरी न जाता थेट शेजारच्या वैद्यबाईंच्या दुकानात शिरली.

वैद्यबाई चिनी औषधं द्यायच्या. दुकान वडिलांपासूनचं, विद्याही त्यांचीच. भिंतभर छोटे लाकडी खण, आणि आत शिरलं की वाळक्या पाल्याचा वास. त्यांनी आक्काची जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं टेकवून नाडी पाहिली आणि खण उघडत गेल्या. शेवंतीसारखी वाळकी फुलं, सुरकुतलेली लाल फळं, कसलीशी लालसर मुळं. हे उकळून काढा घ्यायचा. पुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "डॉक्टरला मात्र सोडू नका, शेजारीणबाई. यानं बरे झालेले मी पाहिलेत आणि न झालेलेही पाहिलेत. कोण कशानं बरं झालं, ते मला अजून उमगलेलं नाही."

आक्कानं पुडी तेवढी घेतली. बाकीचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण ती भोळी नव्हती. काढा कडूजहर होता, आणि उपयोग नसेल तर तो पिण्यात काय हशील, असा तिचा रोकडा हिशेब. म्हणून तिनं एक परीक्षा ठरवली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी डब्यातली सगळ्यात बारीक सुई घ्यायची आणि काळा रेशमी दोरा ओवायचा. पहिल्या झटक्यात गेला तर औषध लागू पडतंय. नाहीच गेला, तर निमूटपणे इंजेक्शन.

दोरा रोज गेला. एकदाही चुकला नाही.

आक्का खूश झाली. इस्पितळातून निरोप आला की ती सांगायची, बरं वाटतंय, पुढल्या महिन्यात बघू. एक बारीकशी कटकट तेवढी होती. मोजायची टेप हल्ली मधल्या भागात वाकडी दिसायची. जुनी झाली, ताणली गेली, म्हणून तिनं ती फेकून नवी आणली. नवीही तसलीच निघाली. हल्ली मालच भिकार येतो, असं आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागली.

भाची आली ती दोन्ही मुलींना घेऊन. ही आक्काच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी तोंडात सारखं 'का? का?', म्हणून आक्कानंच तिचं नाव कावळी ठेवलं होतं. पुढे तिला नोकरीही त्याच जातीची मिळाली. औषधांच्या चाचण्या जगात जिथे जिथे होतात, त्या गोळा करायच्या, कुठली भरवशाची नि कुठली नाही ते पाहायचं आणि सगळ्यांचा मिळून एक निष्कर्ष काढायचा. बाळंतपणाची रजा चालू होती, तरी डोकं रजेवर नव्हतं. काढ्याचं ऐकून ती चिडेल, या तयारीनं आक्का बसली होती. ती चिडली नाही. उलट तिचे डोळे चमकले. काय काय आहे त्यात, मला दाखव, म्हणाली.

पुढले काही दिवस एक मूल मांडीवर, एक खांद्यावर, अशा थाटात तिनं वाचून काढलं. मग सांगायला बसली. तिच्या म्हणण्याप्रमाणे चाचण्या बऱ्याच होत्या, आणि बहुतेकांत काढ्यावाल्यांची नजर जरा जास्त सुधारलेली दिसत होती. आक्कानं मान अशी ताठ केली की जणू काढा तिनंच शोधला. पण कावळीचं संपलं नव्हतं. चाचण्या लहान, थोडे दिवस चाललेल्या. प्रत्येकाचा काढा वेगळा. आणि जवळजवळ सगळीकडे काढा नेहमीच्या उपचारासोबत दिलेला, त्याच्या ऐवजी नव्हे. वर आपण काढा पितोय की नाही, हे पिणाऱ्याला ठाऊक, आणि बऱ्याच ठिकाणी नजर तपासणाऱ्यालाही ठाऊक.

"ठाऊक असलं म्हणून काय झालं?" आक्का म्हणाली. "डोळ्याला थोडंच ठाऊक असतं?"

"डोळ्याला नाही, मावशी. पण फळ्यावरचं अक्षर धूसर असलं की 'दिसतंय' म्हणायचं की 'नाही दिसत', ते तोंड ठरवतं. आणि तोंडानं काढा प्यालेला असतो."

मग लुटुपुटीचा काढा का देत नाहीत, हा प्रश्न आक्काचा. त्यावर मावशी-भाची मुलींना घेऊन वैद्यबाईंकडे गेल्या. वैद्यबाई पोट धरून हसल्या. खोटं बोलणं सोपं असतं, म्हणाल्या, पण हुबेहूब इतकंच कडू, याच वासाचं आणि तरी काहीच न करणारं खोटं मी कुठून आणू? नुसता रंग दिला तर पहिल्या घोटाला चोरी पकडली जाईल. तिघी बराच वेळ त्यावर डोकं चालवत बसल्या. वैद्यबाईंनी दोन-तीन खणांतलं काहीबाही उकळून पाहिलं. आक्कानं डोळे मिटून चव घेतली आणि दरवेळी अस्सल काढा बरोबर ओळखला.

"मला सुईची परीक्षाच खरी वाटते," परत येऊन आक्का म्हणाली. "तिथे तोंडाचं काय चालणार? दोरा एकतर जातो, नाहीतर नाही."

कावळीला ते पटलं. परीक्षा खरंच चांगली वाटत होती. करून दाखव, म्हणाली. आक्कानं बारीक सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं. तेवढ्यात टोपलीतली एक पोरगी रडायला लागली. आक्का तिच्याकडे वळून तोंडानं टकटक आवाज काढू लागली, भुवया उडवू लागली. पोरगी हसली. कावळी मात्र आक्काच्या हातांकडे बघत राहिली.

"मावशी, दोरा गेला."

"मग, सांगत काय होते!"

"तू बघत कुठे होतीस?"

आक्कानं हातातल्या सुईकडे पाहिलं. कावळीनं तिच्याकडून सुई घेतली, दोरा काढला, दोन्ही परत तिच्या हातात दिलं. "आता डोळे मिटून ओव."

आक्कानं डोळे मिटले. टोक चिमटीत दाबून जेमतेम बाहेर ठेवलं आणि दोरा सुईकडे न नेता सुईच दोऱ्यावर आणली. बोटांना सुईचं भोक जाणवलं, दोरा पार गेला. किती वर्षांपासून ती असं करत होती, तिलाच ठाऊक नव्हतं. काढा घेत होते डोळे आणि परीक्षेला बसत होती बोटं.

टेबलावर चौकड्यांचा एक कोट पसरलेला होता. कावळीनं आक्काचा उजवा डोळा हातानं झाकला आणि नुसत्या डाव्यानं चौकड्या बघायला सांगितल्या. कडेच्या रेघा सरळ होत्या. मधल्या मात्र पाण्यात पडल्यासारख्या वाकल्या होत्या.

"म्हणजे टेप चांगली होती," आक्का म्हणाली. मग कोटाची घडी घालत म्हणाली, "गाडी बोलाव. आजच जाऊ, उद्या माझा विचार बदलेल."

उजव्या डोळ्यात तोवर बरंच रक्त साकळलं होतं. पुढे शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्यात उजेड-अंधार कळण्यापलीकडे फारसं काही उरलं नाही. डाव्यात इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या वेळी आक्कानं कावळीचा हात इतका दाबला की वळ उठले. पुढे पुढे ती डॉक्टरांना सुई कशी धरावी हे सांगू लागली. काढ्याबद्दल तिनं स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी त्यात काय काय आहे ते वैद्यबाईंकडून समजून घेतलं, रक्त पातळ करणारं एक मूळ काढायला लावलं आणि म्हणाले, घ्यायचा असेल तर सोबत घ्या, पण साखर नि रक्तदाब वेळच्या वेळी तपासत जा.

हळूहळू चौकड्या सरळ झाल्या.

"मग गुण कशाचा?" आक्कानं विचारलं. "इंजेक्शनाचा की काढ्याचा?"

"इंजेक्शनाचा आहे, एवढं आधीच्या मोठ्या चाचण्यांवरून नक्की सांगता येतं," कावळी म्हणाली. "काढ्यानं त्यात भर घातली का, ते एका माणसावरून नाही कळायचं. दोन्ही एकदमच चालू होतं."

आक्काला ते चैन पडू देईना. मशीनवर बसली की तेच डोक्यात. एका माणसावरून नाही, तर मग किती माणसांवरून? कुणीतरी नीट का बघत नाही? कावळी म्हणाली, बघताहेत. एका इस्पितळात तशी चाचणी सुरू होत होती. इंजेक्शन सगळ्यांनाच मिळणार. वर निम्म्यांना त्या वनस्पतींचं सत्त्व भरलेल्या कॅप्सूल, निम्म्यांना दिसायला तशाच पण आत औषध नसलेल्या, पोकळ. गिळायच्याच असल्यानं कडूपणाचा प्रश्न मिटला. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार, आणि चाचणी संपेपर्यंत रोग्यालाही कळणार नाही, डॉक्टरलाही नाही. अट एकच, बाहेरचा काढा बंद.

इथे आक्का अडखळली. एकच डोळा उरलेला. काढ्यानं जर खरंच हात दिला असेल, तर तो आपण होऊन सोडायचा, आणि चिठ्ठीत पोकळ कॅप्सूल निघाली तर? ती वैद्यबाईंकडे जाऊन बसली. वैद्यबाईंनी निवडायला घेतलेली फुलं खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जा तुम्ही. इंजेक्शन तर चालूच राहणारे. काढ्याचा गुण खरा किती, हे मी माझ्या वडिलांना विचारलं होतं, पण त्यांनाही माहीत नव्हतं."

आक्कानं नाव दिलं. पहिलं पाकीट घरी आणल्यावर कावळीनं गमतीनं विचारलं, फोडून चाखायची नाही ना? आक्का म्हणाली, "जीभ फार हुशार आहे गं माझी. बोटांसारखीच. म्हणून तर तिला मध्ये घ्यायचं नाही." आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून ती कामाला लागली. डाव्या डोळ्यानं शेवटपर्यंत ती कोट जोडत होती.

चाचणीचा निकाल लागायच्या आधीच, पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आक्का हृदय बंद पडून गेली. वैद्यबाई त्याच वर्षी थंडीत गेल्या. आक्काच्या कॅप्सूलमध्ये काय होतं, ते दोघींनाही कळलं नाही.