मास्तरांचा जुलै

"काढ माझा फोटो तिथून," लीलाताई म्हणाल्या.

उन्नतीने मोबाइल मागे घेतला. "आत्याआजी, इतना अच्छा तो आया है! टिळकांच्या एकदम बाजूला, खाली आझाद. आजोबांनी खुद पास केलंय बॅनर."

"म्हणूनच म्हणते, काढ."

खासगी बाजार या पेठेतल्या घरी, बैठकीत रघुनाथराव सुपारी कातरत बसले होते. लीलाताईंचे थोरले भाऊ, उन्नतीचे आजोबा आणि इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची रीत त्यांनीच पाडलेली: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या महिन्यात जन्मलेल्या थोरांच्या तसबिरी मांडायच्या आणि त्याच महिन्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना त्यांच्याखाली मानाने बसवायचं. रघुनाथराव स्वतः जानेवारीचे. जिजाऊ, सावित्रीबाई, विवेकानंद, सुभाषबाबू हे सगळे जणू त्यांच्या बिऱ्हाडातलेच. "आमच्या जानेवारीत" अशीच त्यांची भाषणाची सुरुवात असे. जुलैत मात्र मानकऱ्यांना खुर्च्या पुरत नसत, पडाव भागातून भाड्याने आणाव्या लागत. त्या पिढीची नावं शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट एक जुलै हीच जन्मतारीख लिहून टाकली होती.

"तारीख खोटी आहे माझी, दादा."

"अगं, छावणीतली अर्धी म्हातारी माणसं एक जुलैची आहेत. हार घाल, शाल घे, घरी जा. इतकं काय मनाला लावून घेऊन राहिलीस?"

"टिळकांची तारीख खरी, आझादांची खरी, तुमची तर घटका-पळांसकट खरी. माझीच तेवढी मास्तरांची?"

"मुलींच्या पत्रिका कोण करायचं तेव्हा? तुझी केली की पुढे, लग्नाच्या वेळेला."

"मास्तरांच्या तारखेवरून केली!" लीलाताईंचा आवाज चढला. "वेळ भटजींनी अंदाजाने घातली आणि त्यातून कडक मंगळ काढला. आलेली स्थळं त्या मंगळाला भिऊन परत गेली, दादा. तेव्हा तुम्ही बोलला होतात का, की ही तारीखच आपली नव्हे?"

उन्नतीने मान वर केली. "मतलब, तुमचं लग्न त्या झूठी तारखेमुळे…"

रघुनाथराव सुपारीच कातरत राहिले. लीलाताईंची सगळी नोकरी प्रसूतिवॉर्डात गेली होती. बाळ हातात आलं की मुलगा की मुलगी हे बघण्याआधी त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. नव्या नर्सेस हसायच्या. हसू देत, लीलाताई म्हणायच्या.

"मला फक्त महिना सांगा," आता त्या हळू बोलत होत्या. "तुम्ही कळते होतात. विचारायला दुसरं कुणी उरलं नाही आता. थंडी होती का? घरात आंबे होते? आईला शेक द्यायला शेगडी पेटवली होती? काहीतरी आठवत असेलच."

रघुनाथरावांनी अडकित्ता मिटला. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं.

"काकांच्या मुलाच्या वेळेला पेढे वाटले, ते आठवतं. डबा माझ्याच हातात होता. तुझ्या वेळेला काही वाटलंच नाही ना, लीले. मग आठवणार कशावरून?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच लीलाताईंना जास्त झोंबलं. त्या उठल्या, चपला पायात सरकवल्या.

"जुलैत मी येणार नाही. बाकीच्या अकरा महिन्यांत येईन आणि वर बसेन. त्यातला एखादा महिना माझा नाही म्हणायचं असेल, तर सिद्ध करा."

"येडी झालीस का?"

"शाळेत घातलंत त्या दिवसापासून शहाणीच होते. काय मिळालं?"

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सभागृह भरलं होतं. मानकरी थोडेच, मोजून तेवढ्याच खुर्च्या मांडलेल्या. लीलाताई इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत आल्या, पायऱ्या चढून तसबिरींखाली उभ्या राहिल्या. खालून कुणीतरी हसत ओरडलं, "ताई, आपका तो जुलाई था ना?"

"नाही," त्या म्हणाल्या.

माइकपुढे उभ्या रघुनाथरावांचं मानकऱ्यांच्या नावांचं वाचन थांबलं. उन्नती खुर्ची शोधायला धावणार, तेवढ्यात त्यांनी हाताने तिला अडवलं. मग स्वतःची अध्यक्षांची, उंच पाठीची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ओळीच्या टोकाला आणून ठेवली.

लीलाताई बसल्या.

कार्यक्रम संपेपर्यंत रघुनाथराव माइकचा दांडा धरून उभेच होते. लीलाताईंनी एकदाही त्यांना बसा म्हटलं नाही.