सेटमध्ये दोष नाही

हातातला रेडिओ कसा धरायचा हे एकाही पोराला कळत नाही, असं वाल्मिक बोरसेचं ठाम मत होतं, आणि कुणी विचारायची वाट न बघता तो ते सांगत असे. कुणी सेट कुल्फीसारखा ओठांना चिकटवतं, कुणी मोबाइलसारखा कानाला लावतं. बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतात आणि स्वतःच्या विमानाच्या नावाचं पहिलं अक्षर खाऊन टाकतात. खरखर कमी करायची कळ इतकी आवळतात की लांबून येणारा आवाजही बंद होतो, आणि मग म्हणतात, काका, सेट बिघडलाय. डोळ्यांवर गॉगल, खांद्यावर पट्ट्या, आणि अक्कल हँगरच्या बाहेर चपलांसोबत काढून ठेवलेली.

वाल्मिकने वीस वर्षं वायुदलात रेडिओ दुरुस्त केले होते. निवृत्त झाल्यावर त्याने सुरतेला उधन्यात घर केलं, कारण बायकोचे दोन्ही भाऊ तिथेच कापडाच्या लूम्सवर कामाला होते. स्वतः तो विमानतळावरच्या एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत लागला. संस्थेच्या चार लहान विमानांचे रेडिओ, हेडफोन आणि हातात मावणारा तो एक सेट, एवढं त्याच्या ताब्यात होतं. तो सेट लांबच्या फेरीला एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला द्यायचा असे. विमानातली वीज गेली तर त्यावरून टॉवरशी बोलता येतं, आणि पडद्यावरची सुई विमानतळाची दिशाही दाखवते. सेट देताना वाल्मिक दर वेळी म्हणायचा, "हा सेट तुमच्यापेक्षा हुशार आहे. त्याच्या कामात लुडबुड करू नका."

दसरा झाल्यावरच्या सोमवारी प्रज्ञा सुरवाडे एकटीच वडोदऱ्याची फेरी करून परत येत होती. भरूचच्या पुढे तिच्या विमानातली वीज गेली. मुख्य रेडिओ मेला, दिशा दाखवणारी यंत्रं मेली. इंजिनाला त्या विजेची गरज नसते, ते चालत राहिलं. हवेत इतका धुरकटपणा होता की खाली नीट दिसत नव्हतं. पोरीने हातातला सेट काढला, सुई लावली आणि सुईमागे सुरतेकडे आली. टॉवर तिला पुन्हा पुन्हा हाक मारत होता. तिला सगळं ऐकू येत होतं, पण तिच्याकडून एक शब्द आला नाही. हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्यांजवळ विमान दिसलं तेव्हा टॉवरने सांगितलं, ऐकू येत असेल तर पंख हलव. तिने पंख हलवले. प्रवाशांची दोन मोठी विमानं वर ताटकळत ठेवून तिला उतरवून घेतलं.

उतरल्यावर जे व्हायचं तेच झालं. हातात सेट असताना ही मुलगी बोलली का नाही, असं टॉवरने संस्थेला विचारलं. मुख्य प्रशिक्षक भूपेंद्र वाघने संध्याकाळी पाच वाजता तिला ऑफिसात उभं केलं आणि वाल्मिकलाही बोलावलं. भूपेंद्र उधन्यातच वाढलेला. बाप धुळ्याचा, पण पोरगा अर्धं गुजरातीत बोलायचा. वाल्मिकला त्याचाही तिटकारा होता. एका भाषेत वाक्य पुरं करता येत नाही आणि विमान शिकवतो, असं तो घरी म्हणायचा. पूर्वी म्हणायचा. आता घरी ऐकायला कुणी नव्हतं. बायकोला, जयश्रीला, जाऊन आठ महिने झाले होते.

"सर, बटण दाबलं की सेट बंद पडायचा," प्रज्ञा म्हणाली. "परत चालू केला की ऐकू यायचं. बोलायला गेलं की बंद. आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवरही करून बघितलं."

"काका, तमे बोलो," भूपेंद्र म्हणाला.

"सोपं आहे," वाल्मिक म्हणाला. "बॅटरी उतरली होती. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला भरपूर. जाताना हिने सेट चालूच ठेवला असणार, घरात टीव्ही ठेवतात तसा."

"मी बंद ठेवला होता, काका."

"सगळे असंच म्हणतात."

"खरंच बंद होता. पहिल्यांदा चालू केला तो वीज गेल्यावर."

"मग बॅटरी कुणी प्यायली? नर्मदेतल्या मगरीने?" वाल्मिकने रजिस्टर उघडून तिच्यासमोर सरकवलं. "ही सही बघ. सोमवार सकाळ. चार्ज पूर्ण, सेट ठीक. बोरसे. माझ्या सहीखालून निघालेला सेट आजवर कधी मुका झाला नाही. सेटमध्ये दोष नाही. वापरणाऱ्यात आहे."

प्रज्ञाचे कान लाल झाले. तिने रजिस्टरकडे पाहिलं नाही. भूपेंद्रने मान हलवली. तिची एकटीने उडायची परवानगी काढून घ्यायची का, हे तो उद्या अकराला ठरवणार होता. काढून घेतली तर ती तुकडीच्या मागे पडणार, पुन्हा प्रशिक्षकाला शेजारी बसवून पहिल्यापासून सुरू करणार, आणि तिच्या कागदावर कायमचं लिहिलं जाणार की संकटात हिला रेडिओ चालवता आला नाही. असा कागद घेऊन जाणाऱ्या पोरीला पुढे कुणी दारात उभं करत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

बाहेर येताना ती वाल्मिकला काही म्हणेल असं त्याला वाटलं. ती सरळ गेटाकडे निघून गेली. तोंड नाही तर रेडिओवर काय बोलणार, असं मनात म्हणत तो बसच्या रांगेला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठलाच तो आला. पोरीला नुसतं खोटं पाडून त्याचं समाधान झालं नव्हतं, त्याला ते सिद्ध करायचं होतं. बेत साधा होता. सेट चार्जरवर लावायचा, दोन तास भरू द्यायचा, मग भूपेंद्रसमोर चालू ठेवून किती वेळ टिकतो ते दाखवायचं. तुझी बॅटरी कुठे गेली ते बघ म्हणावं.

त्याने सेट चार्जरवर उभा केला. हिरवा दिवा लागला.

वाल्मिक चहा प्यायला निघाला आणि दारातून परत फिरला. त्या चार्जरला दोन दिवे होते. हिरवा नुसती वीज आली तरी लागतो. बॅटरी भरायला लागली की शेजारचा नारिंगी लागतो आणि भरून झाली की विझतो. काल उतरलेली बॅटरी आत होती. नारिंगी लागायलाच हवा होता. लागला नव्हता.

त्याने सेट काढून पुन्हा ठेवला. दाबून ठेवला. प्लग बदलून बघितला. मग सेट उलटा केला आणि चष्मा कपाळावर ढकलून बुडाकडे पाहिलं. चार्जरला टेकणाऱ्या पितळेच्या दोन टिकल्यांवर लालपिवळा थर वाळून घट्ट बसला होता. त्याने नखाने थोडा खरवडला आणि नाकाशी नेला. हळद होती. हळद, कुंकू आणि थोडं तेल.

खंडेनवमीला त्यानेच लावलं होतं ते.

दरवर्षी संस्थेला सुटी असली की तो आपली हत्यारं आणि हा सेट घरी न्यायचा, आणि जयश्री पूजा मांडायची. पक्कड, सोल्डरिंगची कांडी, मीटर, सगळ्यांना ती बोट भरून हळदकुंकू लावायची. सेटला मात्र कधी लावलं नाही. सेट विड्याच्या पानावर ठेवायची आणि कुंकू पानाला लावायची. वाल्मिक तिला हसायचा. चौथी शिकलेली बाई, करंटला घाबरते, असं त्याने संस्थेतही सांगितलं होतं. एकदा तिला म्हणालाही होता, "देवाला काय, पानावरचं पोचतं का?"

"देव पानवर बी बठस," ती तिच्या अहिराणीत म्हणाली होती. "तुमना यंत्रले वल्लं कशाले लावू?"

या वर्षी त्याने एकट्याने मांडलं. पान आणायचं राहिलं. हळद किती कालवायची ते कळेना म्हणून पेल्यात भरपूर कालवली. सेट आडवा ठेवून त्याच्या बुडाला, जिथे जागा दिसली तिथे, अंगठ्याने पाच ठिपके दिले, आणि तिच्या फोटोकडे न बघता उठला. सुटीआधीच्या फेऱ्यांत बॅटरी बरीच उतरली होती, म्हणून शुक्रवारी सेट परत आणून चार्जरवर ठेवला. हिरवा दिवा बघितला. सोमवारी सकाळी चालू केला तर टॉवर खणखणीत ऐकू आला. एवढं बघून सही केली. पोरं ऐकू आलं की सेट चांगला म्हणतात, बोलून बघत नाहीत, यावर वाल्मिक वर्षानुवर्षं हसत आला होता.

आणि प्रज्ञाने बोलून बघू का, असं विचारलं होतं. सोमवारी सेट घेताना, याच टेबलापाशी. "काका, एकदा टॉवरला हाक मारून बघू?" तो काय म्हणाला होता तेही त्याला आठवलं. "टॉवर तुझा मामा आहे का, उठसूट हाका मारायला? सही दिसत नाही?"

टेबलावर स्पिरिटची बाटली होती, कापूस होता. पुसायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पुसलं, दोन तास भरलं, की अकरा वाजता ठणठणीत सेट भूपेंद्रच्या टेबलावर. विषय संपला असता. वाल्मिकने कापूस भिजवला. एक टिकली पुसलीही. पितळ चकचकीत झालं. मग हात थांबला. जयश्री पान ठेवायची ते कुणाला दाखवायला नव्हे, सेट जपायला, एवढं त्याच्या डोक्यात आलं, आणि पुढचं काही आलं नाही. दुसरी टिकली त्याने तशीच ठेवली.

अकराला प्रज्ञा आधीच ऑफिसात उभी होती. भूपेंद्रने कागद तयार ठेवला होता. वाल्मिकने सेट त्यावर उलटा ठेवला.

"हे काय?"

"कुंकू."

"क्या?"

"हळदकुंकू. माझं. खंडेनवमीला मी लावलं. त्यामुळे या टिकल्या चार्जरला टेकल्याच नाहीत. शुक्रवारपासून बॅटरी भरलेली नाही. ही बोलते ते खरं आहे."

भूपेंद्रने सेट उचलून बघितला. मग हसू दाबलं, आणि ते वाल्मिकला दिसलं.

"काका," तो आवाज उतरवून म्हणाला, "जवा दो ने. टॉवरला काय लिहू मी? अमारा कारीगर रेडिओनी पूजा करे छे? हिला दहा तास जास्त उडवू, ती शिकेल. तुमची नोकरीची दोन वर्षं राहिलीत. सांभाळून जा ने."

"दहा तासांत काय शिकवशील तिला?" वाल्मिक म्हणाला. "वीज गेलेलं विमान धुरकट हवेतून सुईवर आणून उतरवलं तिने. तू आणलं असतंस का?"

"मोठ्याने नको."

"तुला वाक्य एका भाषेत पुरं होत नाही, भूपेंद्र, पण लिहिता तरी येतं ना? लिही. कुंकू लिही. आणि लावणाऱ्याचं नाव लिही. तपासायचं काम ज्याचं त्याने तपासलं नाही, तेही लिही."

"मग सेटचं कपाट तुमच्याकडे ठेवता येणार नाही, काका."

"नकोच ठेवू." त्याने खिशातून किल्ली काढून सेटशेजारी ठेवली.

भूपेंद्रने जुना कागद फाडला. नवा लिहायला घेताना त्याने "कुंकू" हा शब्द कसा लिहावा याचा बराच वेळ विचार केला, आणि शेवटी "अस्वच्छता" असं लिहिलं. वाल्मिकने ते वाचलं, त्याच्या हातातलं पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि वर कुंकू लिहून सही केली.

प्रज्ञाची परवानगी राहिली. दुपारी तीनचं विमान तिलाच मिळालं.

ऑफिसाबाहेर व्हरांड्यात ती त्याच्यासाठी थांबली होती. ती आभार मानेल, असं त्याला वाटत होतं. ते टाळायला तो आधीच म्हणाला, "सुई बरोबर लावली होतीस. बाकीच्या गाढवांना जमली नसती."

"काका, काल का नाही सांगितलंत?"

"काल मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, तर एवढं बोललात कसे?"

पोरांना झापायला वाल्मिकला कधी शब्द कमी पडले नव्हते. त्याने तोंड उघडलं. ती उभी राहिली, घाई न करता, हेल्मेटसारखा हेडफोन काखेत धरून. लांब एक मोठं विमान उतरत होतं. ते उतरलं, वळलं, टर्मिनलकडे गेलं, तरी त्याच्याकडून काही आलं नाही.

"चला," ती म्हणाली, "मला उशीर होतोय," आणि विमानाकडे गेली.