पाय रुतायच्या आत

सत्तावन्न साली बाबूभाई मूल गावच्या शाळेत कवायत शिकवत. पायाची सगळी ताकद बैठकांतून येते, यावर त्यांचा ठाम विश्वास.

शाळेतल्या वारलूकडून त्यांनी दोन वर्षं बैठका घालून घेतल्या. मांड्या खांबासारख्या झाल्या, पण त्याची लांब उडी एकोणीस फुटांवर अडली ती अडलीच. दिवाळीनंतर चांद्याला नागपूरच्या स्पर्धेसाठी निवड होती आणि तिथं वीस फूट लागत. पोराचं शाळेतलं शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही.

रोवणीच्या दिवसांत तो शाळेत दिसेना, म्हणून बाबूभाई बांधीवर, त्याच्या धानाच्या शेतात गेले. वारलू धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून पळत होता. धुरा फुटलेला दिसला की खाली चिखलात एक पाय टेकवायचा, की लगेच पलीकडे. बाबूभाई त्याच्यामागे निघाले. त्यांनी चिखलात पाय ठेवला, गुडघे वाकवले, जोर जमवला आणि मांडीपर्यंत रुतले.

रोवणाऱ्या बाया खो खो हसल्या. वारलूची आई गुणाबाई ओरडली, "मास्तर, पाय ठेवून इचार काय करून राह्यले? रुतायच्या आत उचला ना!"

"सांगाले काय जाते बाई, आधी मले काढा!"

बाहेर निघाल्यावर बाबूभाई बराच वेळ वारलूच्या पायांकडे बघत बसले. खाली उतरताना त्याच्या शिरा रबरासारख्या ताणल्या जात आणि तो ताण जिवंत असतानाच तो उसळे. बैठकीत मात्र खाली जाऊन थांबायचं, मग उठायचं. तेवढ्यात ताण विझून जातो.

रोवणी संपताच बैठका निम्म्या झाल्या. शाळेच्या ओट्यावरून टणक जमिनीवर उतरायचं आणि टेकताच वर. बाबूभाई पाठ फिरवून नुसते ऐकत. 'धप्प' वाजलं की म्हणत, "झोपला का बे? पुन्हा!" 'टप' वाजलं तर गप्प. रोज तीसच उड्या. थकलेला पाय जमिनीवर रेंगाळतो, तो त्यांना नको होता.

चांद्याला वारलू बिचकला. पहिल्या दोन उड्यांत उडी घ्यायच्या फळीवर पाय दाबून बसला. साडेएकोणीस.

तिसऱ्या वेळी तो धावत सुटला आणि बाबूभाईंनी पाठ फिरवली. फळी वाजली. टप. टेप ताणायच्या आधीच ते ताठ झाले.

"वीस फूट सात इंच!" पंच ओरडले.

वारलू वाळू झाडत धावत आला. "पाह्यलं का, मास्तर?"

"पाहाले काय लागते? चाल, नाव लिहून येऊ नागपूरसाठी."

दोघं मैदान ओलांडून निघाले. बाबूभाईंनी कोणासाठी वाट सोडली नाही. लोकच बाजूला होत गेले.