हिल्डिंगकाकांच्या बोटीखालची बादली

हसू आवरेना म्हणून येर्करने तोंडात पाव कोंबला.

पन्नाशी उलटली तरी त्याच्या खोड्या जात नव्हत्या. दर जुलैला तो आणि बायको गुनेल आपली बोट घेऊन ओलांड बेटांवरच्या याच खाडीत यायचे. मागे नांगर टाकायचा, पुढचा दोर खडकाला बांधायचा आणि आठवडाभर लोळायचं. शेजारी हिल्डिंगकाकांची जुनी लाकडी बोट ठरलेली. त्या पहाटे पोहायच्या निमित्ताने जाऊन त्याने काकांच्या बोटीखाली पत्र्याची बादली बांधून टाकली होती. इकडची जुनीच खोडी ती. बादलीत पाणी भरतं नि बोट गोगलगाय होते.

काकांनी दोर सोडला, नांगर उचलला. इंजिन बोंबललं, बोट मात्र रांगतच निघाली. येर्करला ठसका लागेस्तोवर हसू आलं. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन काका परत आले, नांगर टाकला आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

वारा पडला की त्या खाडीत खोकलासुद्धा पलीकडच्या बोटीवर पोचतो.

"तू म्हणत होतीस तेच खरं, मायव्होर," काका म्हणाले. "संपलं इंजिन. मीही संपलो. बोटीच्या त्या गिऱ्हाइकाला हो म्हण."

येर्करच्या घशात पाव अडकला. ही बोट काकांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. बायको गेल्यावर ते उन्हाळाभर तिच्यातच राहत.

त्याने गुपचूप पाण्यात उडी घेतली, बुडी मारून दोर कापला. बादली तळाला गेली. वर येऊन म्हणाला, पंख्यात शेवाळ अडकलं होतं काका, बघा आता. काकांनी बघितलं. बोट सुळकन धावली. परत आल्यावर म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. देवासारखा धावलास म्हणाले, आणि धुरी देऊन टिकवलेला मोठा मासा त्याच्या हातात ठेवला.

गुनेलने मासा ताटात वाढला. येर्करला घास उचलवेना.

"खा की," ती म्हणाली. "मग डेक धुवायचाय. बादली कुठंय आपली?"

त्याने नजर ताटात घातली. ती बघत राहिली. तिला कळलं होतं.

येर्कर मासा घेऊन, ओल्या चड्डीतच खडकावरून काकांच्या बोटीशी गेला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

काकांनी मासा घेऊन बाजूला ठेवला.

"सकाळी हसू ऐकलं मी," ते म्हणाले. "वाटलं, म्हाताऱ्याला बोट हाकता येईना म्हणून हसतायत."

येर्करचे कान पेटले. यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं.

काकांनी लेकीला फोन लावून त्याच्यापुढे धरला. "बोट विकायची नाही म्हणून तूच सांग तिला. आणि का, तेही सांग. जरा मोठ्यांदा, तिला कमी ऐकू येतं."

खाडीत सात बोटी होत्या. वारा अजिबात नव्हता.