रंगाखालचा गंज

साहेब, तुम्ही मला पाहिलंच नाही. माझा फोटो पाहिलात. पंख्याखाली बसून, बोटाने सरकवून ‘पास’ म्हणालात. फोटो समोरून काढतात आणि माझी पाठ भिंतीकडे असते, एवढं तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी मानणार नाही. ठाऊक होतं. म्हणून तर आज बोलतोय.

मित्रांनो, दचकू नका, हे तुम्हाला नव्हतं. मी एक जुना गॅस मीटर आहे. पत्र्याच्या दोन वाट्या एकमेकींवर बसवून माझं पोट केलं. आत मऊ पडद्याची पिशवी. गॅस आला की ती फुगते, पुढे गेला की बसते, आणि त्या श्वासावर माझ्या कपाळावरचे आकडे सरकतात. कारखान्यात माझ्यात हवा भरून मला पाण्यात बुडवलं होतं. एक बुडबुडा आला असता तरी मला बाजूला टाकलं असतं. तेव्हा माझी एवढी काळजी होती.

पुढे एका इमारतीत, मधल्या मजल्यावर, स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत मला भिंतीवर बसवलं. पहिले दिवस कौतुकाचे होते. आल्यागेल्याला मला दाखवायचे. घरातली आजी रोज माझी काच पदराने पुसायची. मग व्हायचं तेच झालं. मी घरातला झालो, म्हणजे कुणाच्या नजरेत राहिलो नाही. माझ्या खालच्या पाइपावर फरशी पुसायचं ओलं फडकं वाळत पडू लागलं. सोयीचं होतं ना! हाताशी, आणि बाहेरून दिसायचं नाही. त्या फडक्याचं पाणी रोज माझ्या पाठीमागे झिरपायचं, जिथे पाइप आणि मी नटाने जोडलेले आहोत, बरोबर तिथे. आधी एक तांबूस डाग पडला. मग पापुद्रे सुटायला लागले. आकडे वाचणारा यायचा, कपाळ बघायचा, जायचा. पाठ कोण बघणार?

एकदा सुरक्षा तपासणीवाला आला. तरुण होता, घामाघूम झालेला, एका हातात मोबाइल. आजीची सून म्हणाली, “दादा, पाणी तरी घ्या.”

“नको वहिनी. पलीकडची अख्खी इमारत राहिलीय. संध्याकाळी तपासलेली घरं कमी भरली तर शिव्या मलाच.”

त्याने फोटो काढला. कोपऱ्यात थोडा गंज आला फोटोत. त्याने कुणाला तरी फोन लावला. “साहेब, जोडाला गंज दिसतोय. खोलून बघायला माणूस... हो साहेब. नाही साहेब. बरं साहेब.” फोन ठेवून तो सुनेकडे न बघता म्हणाला, “रंग मारून घ्या. रंगवल्यावर फोटो पास होतो.”

“आणि गंज?” सुनेने विचारलं.

“दिसला नाही की झालं, वहिनी. मला असंच सांगितलंय.”

मला ओरडायचं होतं. मीटरला तोंड नसतं. सुट्टीच्या दिवशी आजीचा मुलगा चंदेरी रंगाचा डबा घेऊन आला. गंज खरवडला नाही, पाइप पुसला नाही, थेट ब्रश. मागे ब्रश पोहोचेना, तर फडकं रंगात बुडवून मागून फिरवलं. गॅस बंद करायच्या पिवळ्या दांड्यावरही एक हात मारला.

“आई, बघ! मीटर नवरदेवासारखा दिसतोय की नाही?”

“दिसतोय खरा,” आजी म्हणाली, “पण घुर्र घुर्र आवाज करतो. कुठल्या पोरीच्या पदरात पडणार बिचारीच्या!”

सगळे हसले. नवा फोटो गेला. पास झाला. त्या दिवसापासून मला धड श्वास घेववेना. रंगाखाली ओल कोंडली होती. गंज काही झोपला नव्हता, नुसता झाकला गेला होता. आत पत्रा फुगत होता, पातळ होत होता, आणि वरून मी नवाकोरा!

आता आजीबद्दल सांगतो, कारण भीती तिथेच होती. मुलगा-सून कामावर गेले की घरात आजी आणि तिची नात, एवढीच माणसं. नात नुकती दुडदुडायला लागलेली. आजी तिला ठमाबाई म्हणायची. आजीला मागे मोठा ताप आला होता. ताप गेला, आणि जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. हे फक्त मला माहीत होतं. वाळलेले कपडे काढताना ती ठमाबाईचं झबलं नाकाशी घट्ट धरायची, खूप वेळ धरायची, आणि पुटपुटायची, “मेलं काहीच नाही.” एकदा माझ्याकडेच बघून म्हणाली, “सांगितलं तर म्हणतील, आई, दूध करपलेलंही कळत नाही तुम्हाला, पोरीला पाळणाघरात ठेवू. मग मी काय भिंतींशी बोलू?”

मित्रांनो, पाइपातल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. तेवढी एकच हाक असते आमच्याकडे. आणि त्या घरात दिवसभर जी बाई होती, तिला ती हाक ऐकूच येणार नव्हती.

एक दिवस ठमाबाईला शिंका येत होत्या, म्हणून आजीने धुण्याच्या जागेच्या सगळ्या काचा ओढून घेतल्या. आणि नेमकी त्याच दुपारी माझ्या पाठीवरच्या रंगाला बारीक चीर गेली. गॅस सुटायला लागला. मला जाणवत होतं, अंगातून जीव निसटावा तसं. मी काही करू शकत नव्हतो.

आजी फडकं टाकायला आली. टाकलं आणि वळली. मागोमाग ठमाबाई आली आणि तिने नाक धरलं.

“शी!” ती म्हणाली.

“शी केलीस? बघू.” आजीने तिला उचलून पाहिलं. “नाही गं, कोरडी ठणठणीत आहेस. लबाड!”

“शी, आजी! शी!”

“पुरे झाली शी. चल, दूध देते.”

ती स्वयंपाकघरात गेली. दाराची फट उघडीच होती. पातेलं ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. नंतर तिने लायटर शोधायला खण ओढला तोही. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या कपाळावरचे आकडे थिजले असतील, दुसरं काय सांगू!

इतक्यात दारावर थापा पडल्या. वरच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या ताई होत्या, गळ्यात मापाची पट्टी तशीच. माझा पाइप छतातून वर जातो, त्या भोकातून वास त्यांच्याकडे पोहोचला होता.

“आजी, तुमच्याकडून वास येतोय.”

“माझ्या घरातून? दोनदा फरशी पुसते मी!”

“अहो, तसला नाही, गॅसचा! तुम्हाला येत नाही?”

आजीने नजर चुकवली. “नाही बाई. मला तर काहीच नाही.”

ताई गोंधळल्या. घरातल्या माणसाला येत नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार? “मग शेजारी पॉलिश चाललंय त्याचा असेल,” म्हणून त्या वळल्यासुद्धा.

“शी!” ठमाबाई पुन्हा म्हणाली. या वेळी रडवेली होऊन.

आजीने नातीकडे पाहिलं. मग हातातल्या लायटरकडे. ताईंना हाक मारताना तिचा आवाज बदलला.

“थांब गं. मला वास येत नाही. कसलाच येत नाही, तापापासून. कुणाला सांगू नको. नाही, सांग, सगळ्यांना सांग. पण आधी आत ये आणि बघ!”

ताई आत आल्या आणि जागच्या जागी ओरडल्या, “लायटर ठेवा! बटणाला हात लावू नका!” धावत येऊन त्यांनी काचा उघडल्या आणि माझा पिवळा दांडा धरला. तो हलेना. रंगाने चिकटला होता! त्यांनी ओलं फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला. तोंडाने काय काय म्हणत होत्या ते मी इथे सांगणार नाही. रंग तडकला, दांडा फिरला, गॅस थांबला. मग तिघी जिना उतरून बाहेर गेल्या आणि तिथून फोन केला.

दुरुस्तीवाला आला. त्याने माझ्या पाठीला साबणाचा फेस लावून दांडा जरासा सोडला. एक नाही, पसाभर बुडबुडे. नखाने खरवडलं तर रंगासकट पाइपाचा पापुद्रा त्याच्या हातात आला.

“हा रंगवला कुणी?”

“तुमच्याच माणसाने सांगितलं,” आजी म्हणाली.

त्याने मोबाइल काढून बघितला. “पण इथे तर पास आहे.”

शिवणाऱ्या ताईंनी वर छताकडे बोट केलं. “आमचाही रंगवलाय हो. तोच डबा. अख्ख्या जिन्यात फिरला तो.”

संध्याकाळी सून खूप रडली. म्हणाली, “आई, माझ्यापासून लपवलंत का, एवढंच सांगा.” आजीने पाळणाघराची भीती सांगितली. घरातलं घरात मिटलं. मुलाने मात्र तुमच्या कार्यालयात फोन लावला, साहेब. उत्तर मिळालं, “रंग मारा असं आम्ही लेखी कुठे दिलंय? ग्राहकाने परस्पर रंगकाम केलं, जबाबदारी ग्राहकाची.”

आता मला भिंतीवरून काढलंय आणि मी भंगाराच्या खोलीत पडलोय. मित्रांनो, घरी जाऊन मोठ्यांचा हात धरा आणि आपला मीटर मागून बघायला लावा. त्याच्या पाइपावर काही ओलं टाकू देऊ नका. घाण वास आला तर बटण, काडी, लायटर कशाला हात लावू नका. खिडक्या उघडायला सांगा, बाहेर पडा, आणि मोठे ‘काही नाही’ म्हणाले तरी ठमाबाईसारखं पुन्हा पुन्हा बोला.

आणि साहेब, तुम्ही. त्या जिन्यात माझी भावंडं आहेत, सगळी चंदेरी, सगळी तुमच्याकडे पास. आज संध्याकाळी त्या घरांत गॅस पेटणार आहे. त्यांच्या पाठीला हात लावून बघायला कोण येणार आहे? केव्हा येणार आहे? मला फोटो नको, ‘बघतो’ नको. माणूस सांगा, आणि वेळ सांगा. बोला.